कालव्यावर पक्षी का दिसले नाहीत? आधी पाणी बघा, मग पक्षी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहात्याजवळ राहता, गोदावरीचा उजवा कालवा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. थंडीत परदेशी पक्षी येतात असे ऐकून डिसेंबरात मुलीला घेऊन पहाटे दोनदा कालव्यावर गेलात, पण दोन-चार बगळे आणि एखादा खंड्या सोडला तर काही दिसले नाही. मग पक्षी बघायला नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यातच जावे लागते का, कधी जावे, दुर्बीण कोणती घ्यावी, आणि मुलीने काढलेल्या एका फोटोत पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसते ती कसली?

तुम्ही गेलात त्या दिवसांत रब्बीचे आवर्तन, म्हणजे पिकांसाठी कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू असणार. कालवा काठोकाठ भरून वाहत असला की त्यात पक्ष्यासाठी काहीच नसते. चिखल पाण्याखाली, मासे वाहत्या खोल पाण्यात, आणि काठाला अस्तरीकरणाचा गुळगुळीत उतार. तिथे उतरून पक्षी करणार काय? हिवाळा आला म्हणजे पक्षी आले, हे बरोबर. पण ते नेमके कुठे उतरतील हे कॅलेंडर ठरवत नाही, पाण्याची खोली ठरवते. आणि आपल्याकडच्या नद्या-कालव्यांत पाण्याची खोली पाटबंधारे खाते ठरवते. म्हणून मी बाहेर पडण्याआधी पक्ष्यांची चौकशी करत नाही, आवर्तनाची करतो. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की आवर्तनाच्या तारखा स्थानिक पेपरात येतात. त्याहून खात्रीची बातमी कालव्याचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडे किंवा चारीवर पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याकडे मिळते. "काका, पाणी कधी बंद होणार?" एवढे विचारले तरी पुढच्या आठवड्याचा बेत ठरतो.

खोलीचा हिशेब अगदी सोपा आहे. बोटभर पाणी आणि ओला चिखल असेल तिथे तुतवार, चिखल्या, धोबी. वीतभर पाण्यात शेकाट्या आणि हिरव्या पायाचा टिलवा. वीतभर ते हातभर पाण्यात पृष्ठभागावर चरणारी बदके, म्हणजे तलवार बदक, थापट्या, भुवई बदक. ही बदके बुडी मारत नाहीत. डोके खाली, शेपटी वर करून चोच तळाला पोचेल तेवढेच त्यांचे ताट. पुरुषभर खोल पाणी झाले की तिथे फक्त बुडी मारणारे, म्हणजे लालसरीसारखी बदके, पाणकावळे, वारकरी. मोठ्या धरणाच्या मधोमध दिसणारे बदकांचे काळे पट्टे पुष्कळदा तिथे खायला नव्हे, तर दिवसभर विसावायला बसलेले असतात. त्यांचे खाणे रात्री, उथळ काठाला आणि भिजवलेल्या शेतात.

आता तुमच्या कालव्याचे. पाणी बंद झाल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस हाच त्याचा खरा हंगाम. वरून पाणी तुटले की एक-दोन दिवसांत प्रवाह थांबतो आणि तळाच्या खोलगट जागी, पुलाखाली, विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या दाराच्या, तोंडाशी डबकी उरतात. त्यात मासे अडकतात. सर्वांत आधी पोचतात ते बगळे आणि ढोकऱ्या, मग मुग्धबलाक, कधी चित्रबलाक. हे स्थलांतरित नाहीत, पण त्यांची गर्दी दुरून दिसते, आणि ती दिसली की समजायचे की जागा तयार झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डबक्यांच्या कडेचा गाळ उघडा पडतो आणि त्यावर तुतवार उतरतात. टिलवा डबक्यात पोटापर्यंत शिरून बारक्या माशांमागे अक्षरशः धावतो. चोच पाण्यात तिरकी धरून तो नागमोडी पळताना पाहणे ही माझ्या मते कालव्यावरची सर्वांत करमणुकीची गोष्ट आहे. नंतर गावातली पोरे मासे धरायला उतरतात, गाळाला भेगा पडतात आणि खेळ संपतो. पुढचे आवर्तन सुटले की पुन्हा पहिल्यापासून.

कालवा भरलेला असतानाही एक जागा मात्र हमखास चालते: कालव्याखालची चिबड. जुन्या मातीच्या कालव्यातून वर्षानुवर्षे पाझर लागून खालच्या अंगाच्या जमिनी चिबडलेल्या असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती वाया गेलेली जमीन. तिथे लव्हाळा आणि पाणकणीस माजलेले असते आणि घोटाभर पाणी कायम उभे असते. पाणलावा तिथेच सापडतो, तोही पायाखालून भर्रकन उडाल्यावरच. ठिपकेवाली तुतवार तिथेच. आणि थोडा वेळ हालचाल न करता थांबलात तर शंकर दिसतो. चिमणीएवढा पक्षी, लव्हाळ्याच्या बुडातून उंदरासारखा पळत बाहेर येतो, शेपटी उभारतो, पुन्हा आत. नराच्या गळ्यावर निळा रंग असतो, हिवाळ्यात तो फिकट आणि अर्धवट असतो, तेव्हा गळ्यापेक्षा शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना असलेले तांबूस चट्टे बघा. उडताना तेच चमकतात. कालव्यांचे अस्तरीकरण आणि बंद नळातून पाणी न्यायच्या योजना शेतीसाठी योग्यच आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्यामुळे पाझर थांबतो आणि चिबड सुकते. हा बदल कुठल्याही पक्षी अभयारण्याच्या नकाशावर दिसणार नाही. तुमच्या भागात चिबडीचे तुकडे उरले असतील तर या वर्षीच बघून घ्या.

काळाबद्दल. लोक डिसेंबर धरून बसतात, पण येणे-जाणे जुलै ते मे चालू असते. भोरड्यांचे पहिले थवे जुलै-ऑगस्टातच दिसू लागतात. तुतवार ऑगस्टात येतात, करडा धोबी ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात. बदकांत भुवई बदक सर्वांत आधी, बाकीची ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पट्टकदंब, ज्याला बरेच जण राजहंस म्हणतात, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परततात. तिबेटच्या पठारावरून आणि मंगोलियाकडून येताना ते हिमालय ओलांडतात. पाठीवर यंत्र बसवून घेतलेल्या नोंदींत ते सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर आढळले आहेत. मार्चपासून बदके कमी होऊ लागतात, पण एप्रिल सोडू नका. जाण्याआधी पिवळे धोबी विणीच्या पिसाऱ्यात असतात, ज्यांना डिसेंबरात मळकट म्हणून तुम्ही नजरेआड केलेत तेच आता हळदीसारखे पिवळेधमक. आणि स्थलांतर म्हणजे फक्त उत्तरेकडून हिवाळ्यात येणारे, असेही नाही. चातक जूनमध्ये पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येतो.

ऑक्टोबरातल्या बदकांबद्दल सावध राहा. बरीच नर बदके तेव्हा मादीसारखीच तपकिरी असतात, पुस्तकातल्या चित्रातले रंग त्यांच्या अंगावर डिसेंबरपर्यंत येतात. तोवर रंग सोडा, आकार धरा. थापट्याची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद, तलवार बदकाची मान लांब आणि बारीक, चक्रवाकाचे अंग केशरी, तो कोणत्याही महिन्यात ओळखू येतो. मात्र पिवळ्या टोकाची चोच आणि चोचीच्या बुडाशी दोन लाल ठिपके दिसले तर ते हळदीकुंकू बदक, इथलेच. अडईसुद्धा इथलीच. रोहितही, म्हणजे फ्लेमिंगो, 'सैबेरियातून आलेले' नसतात. उजनी धरणाच्या काठी भिगवणला दिसणाऱ्या मोठ्या रोहितांची वीण कच्छच्या रणात होते. गावात कुणी 'फॉरेनचे पक्षी' म्हणून दाखवले की निम्म्या वेळा ते शेकाटे असतात, आणि शेकाटे आपल्याकडे बारमाही आहेत.

तुमच्या कालव्यावर सर्वांत जास्त भेटतील त्या तुतवारी, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर. तीन प्रकार, तिन्ही मैनेच्या आसपासच्या आकाराचे, तिन्ही वरून तपकिरी आणि खालून पांढरे, आणि नवखा माणूस तिघांपुढे सारखाच हतबल होतो. सामान्य तुतवार उभी असताना तिचा पार्श्वभाग सतत वरखाली हलत असतो, क्षणभर थांबत नाही. छातीच्या तपकिरी पट्ट्याच्या आणि पंखाच्या मध्ये खालचा पांढरा रंग पाचरीसारखा खांद्यापर्यंत वर चढलेला असतो. ही पाचर दिसली की विषय संपला. उडते तेव्हा पाण्याला लागून, पंख अर्धेच खाली मारत, मध्येच ताठ धरून तरंगत जाते आणि बारीक आवाजात एकापाठोपाठ तीन-चार शिट्या देते. हिरवी तुतवार, म्हणजे ग्रीन सॅन्डपायपर, जास्त गडद असते, दुरून जवळजवळ काळी-पांढरी. ती बसलेली असताना ओळखण्याचा खटाटोप करू नका, उडाल्यावर बघा. कमरेवर स्वच्छ पांढरा चौकोन आणि पंखांची खालची बाजू काळपट. दचकली की थेट उंच, वेडीवाकडी उडत, मोठ्याने ओरडत दूर जाते. एकांडी, पुलाखालच्या अरुंद डबक्यात आवडीने राहणारी. ही उत्तरेकडच्या जंगलात झाडावर, दुसऱ्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यात अंडी घालते, हे आपल्या चारीतल्या चिखलात तिला पाहताना खरे वाटत नाही. ठिपकेवाली तुतवार फिकट, पाठीवर पांढुरके ठिपके, डोळ्यावर लांब पांढरी भुवई, पाय पिवळसर. तिचीही कंबर पांढरी, पण पंखाची खालची बाजू फिकट. ही सहसा कालव्यात नसते, चिबडीत आणि पाणी भरलेल्या शेतात चार-सहाच्या संगतीने असते. एवढ्या तिघी पक्क्या झाल्या की बाकीचे चिखलातले पक्षी आपोआप 'या तिघींसारखे नाहीत' म्हणून वेगळे पडू लागतात, आणि शिकण्याची ही सर्वांत वेगवान रीत आहे.

धोब्यांचे थोडक्यात. विमोचकावरून पाणी खळखळत पडते तिथे लांब शेपटीचा, राखाडी पाठीचा, खालून पिवळा तो करडा धोबी. गुरांच्या पायांत पळणारा, हिरवट पाठीचा तो पिवळा धोबी. काळ्या पाठीचा, ठसठशीत पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी हा इथलाच रहिवासी. कालव्याच्या बांधकामाच्या भोकांत घरटे करतो आणि भल्या सकाळी दगडावर बसून सुरेख गातो.

नांदूरमध्यमेश्वरला जावेच लागेल का? लागणार नाही, पण एकदा जा. ज्या उजव्या कालव्यावर तुम्ही उभे होतात तो तिथूनच निघतो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली ब्रिटिश काळात हा बंधारा बांधला, डावा आणि उजवा कालवा काढण्यासाठी. पक्ष्यांसाठी कुणी काही केलेले नव्हते. पण शंभर वर्षांत फुगवट्यात गाळ साचत गेला, बेटे तयार झाली, पाणी उथळ झाले, आणि सिंचनाच्या दृष्टीने जे नुकसान तेच पक्ष्यांना मानवले. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2019 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूला वनविभागाचे प्रवेशद्वार आणि मनोरे आहेत, गावातले गाईड मिळतात. गाईड घ्याच. दुर्बीण कितीही चांगली असली तरी आज कोणता थवा कोणत्या बेटामागे आहे हे तुम्हाला ठाऊक नसते, त्याला असते. खाणगाव थडी आणि मांजरगावच्या बाजूनेही काठाला पोचता येते.

तिथेही पाणी विचारून जा. दारणा-गंगापूर धरणांकडून सोडलेले पाणी याच फुगवट्यातून कालव्यांत जाते. दुष्काळी वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी नदीत पाणी सोडतात, तेव्हा तर चार-पाच दिवसांत सगळे चित्र बदलते. आदल्या रविवारी ज्या चिखलाच्या पट्टीवर शेकडो पक्षी होते ती पाण्याखाली गेलेली असते आणि पक्षी आजूबाजूच्या शेतांत पांगलेले असतात. अशा वेळी मनोऱ्यावर बसून राहण्यापेक्षा काठाकाठाने फिरावे. जलपर्णीचेही तसेच. ती पसरली की बदकांना मोकळे पाणी उरत नाही, पण कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तिच्यावर मजेत चालतात. मला विचाराल तर थोडी जलपर्णी चालते, नदीभर पसरलेली नाही. ती मुळात वरून येणाऱ्या सांडपाण्यावर पोसते.

भिगवणचे गणित उलटे आहे. उजनी 117 टीएमसीचे धरण. चांगल्या पावसाच्या वर्षी नोव्हेंबरात ते तुडुंब असते, काठाला चिखल नसतो आणि रोहित दिसले तर दूर कुठेतरी. जसजसे पाणी उपसले जाते तसतसा भीमेचा गाळ उघडा पडत जातो. म्हणून तिथल्या कुंभारगाव-डिकसळचा खरा हंगाम बहुतेक वर्षी जानेवारीनंतरचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर ऐन भरात. कमी पावसाच्या वर्षी तो आधीच सुरू होतो. लोक दिवाळीच्या सुट्टीत जातात आणि रिकाम्या हाताने येतात. कोल्हापूर-सांगलीकडे बंधाऱ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी घातले, कधी काढले यावर नदीचे पाणी चढते-उतरते, तिथे बंधाऱ्याखालची खडकाळ बाजू आधी बघावी. गोव्यात मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा किंवा चोडणचे सलीम अली अभयारण्य बघायचे असेल तर पाटकऱ्याच्या जागी समुद्र येतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रक काढा आणि ओहोटी लागल्यानंतर, खारफुटीची मुळे व चिखल उघडा पडत असताना होडीत बसा. पूर्ण भरतीला तुम्हाला झाडे दिसतील आणि फार तर मगर.

वेळ आणि उजेड. निफाड-राहात्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके इतके दाट असते की सहाला पोचून तासभर कुडकुडण्याखेरीज काही साधत नाही. मुलगी बरोबर आहे, सातनंतर निघा. रात्री शेतात चरलेली बदके सकाळी पाण्याकडे परततात ते बघायचे असेल तरच लवकर. दुसरे, हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो आणि गोदावरी पूर्वेकडे वाहते. म्हणजे दक्षिण काठावर, अर्थात उजव्या तीरावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की उजेड कायम पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. उत्तर काठावरून बघाल तर सगळे पक्षी काळे. कालव्यालाही तोच नियम, वळण बघून बाजू बदला. पुलावर मात्र फार वेळ उभे राहू नका, आकाशावर तुमची उभी आकृती उमटते आणि पक्षी दूर सरकतात. बांधाला टेकून बसलात तर तेच पक्षी जवळ येतात.

दुर्बीण 8×42 घ्या. पहिला आकडा किती पट जवळ दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की सव्वापाच येतात, म्हणजे डोळ्याला पोचणारा उजेड धुक्याच्या सकाळीही पुरेसा. जत्रेत आणि ऑनलाइन सवलतीत मिळणाऱ्या 20 पट, 30 पट झूमच्या दुर्बिणी घेऊ नका, हात थरथरतो तेवढाच पक्षीही थरथरतो. मुलीसाठी 8×32 हलकी पडेल, आणि तिची स्वतःची असू द्या. एकच दुर्बीण दोघांत असली की पक्षी नेमका दुसऱ्याच्या पाळीला उडतो. धरणावर जायला लागलात की मग स्पॉटिंग स्कोपचा, म्हणजे तिपाईवरच्या एकडोळी दुर्बिणीचा, विचार करा, कालव्याला त्याची गरज नाही. मोबाईलवर पक्षी ओळखायला मदत करणारे मर्लिन अ‍ॅप टाकून ठेवा, पण ते सुचवते त्यावर मान डोलावण्याआधी मुलीला विचारा की पाचर दिसली का, कंबर पांढरी होती का. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करा आणि नोंदीत 'कालवा बंद, डबकी उरली' किंवा 'आवर्तन चालू' एवढा शेरा लिहा. सलग दोन हिवाळे असे शेरे जमले की तुमच्या कालव्याबद्दल कुठल्याही पुस्तकात नाही ते तुमच्या वहीत असेल.

काळजीच्या गोष्टी पक्ष्यांइतक्याच महत्त्वाच्या. अस्तरीकरणाच्या उतारावर शेवाळ असते, तिथे उतरायचे नाही. भरल्या कालव्यात पडलेला माणूस गुळगुळीत उतारामुळे वर येऊ शकत नाही. रिकाम्या कालव्यातही तळाला जाऊ नका, गाळ वरून वाळलेला दिसतो आणि गुडघ्यापर्यंत आत घेतो. काठावर उपशाच्या मोटारींच्या वायरी गवतात पसरलेल्या असतात, कधी उघड्या जोडांसह. दव पडलेल्या गवतातून चालताना नजर खाली असू द्या. आणि तुमचा भाग उसाचा, म्हणजे बिबट्याचा. अंधारात उसाच्या कडेने मुलीला घेऊन चालणे नको, सातनंतर निघा म्हणालो त्याचे हेही एक कारण. चिबडीत शिरण्याआधी शेताच्या मालकाला विचारा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, उलट कुठला पक्षी कुठे बसतो ते दाखवतात.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक आहे. होडीवाल्याला थव्यात होडी घालायला सांगून सगळे पक्षी एकदम उडवायचे, फोटो काढायचा, हा प्रकार बंद व्हायला हवा. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे अंगावर चरबी चढवायला थांबतो, परतीचा प्रवास तिच्यावर होतो. दिवसातून दहा होड्यांनी त्याला उठवले तर चढलेली चरबी तिथेच खर्च होते. कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-फरसाण टाकणेही तसलेच. तुम्ही गिऱ्हाईक आहात, होडीत बसण्याआधीच "दादा, लांबूनच दाखवा" म्हणून सांगा. होडीवाला ऐकतो, त्याला वाटत असते की पाहुण्यांना तेच हवे आहे.

कोणी सोबत हवे असेल तर नोव्हेंबरात 5 ते 12 तारखेला महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांचा जन्म 5 नोव्हेंबरचा, सलीम अली यांचा 12 नोव्हेंबरचा, म्हणून या तारखा. त्या आठवड्यात ठिकठिकाणी पक्षीनिरीक्षण असते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून दरवर्षी. नवख्यांनाही सामील करून घेतात, आणि मोजणी करताना जे शिकायला मिळते ते एकट्याने फिरून मिळत नाही.

आता फोटोतली पट्टी. ती कुणी दोरा बांधलेला नाही. स्थलांतराच्या अभ्यासासाठी पक्ष्याच्या पायात धातूची कडी घालतात, आणि चिखलातल्या पक्ष्यांना दुरून वाचता यावे म्हणून रंगीत प्लास्टिकची झेंडी. भारतात हे काम प्रामुख्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते. 1959 पासून त्यांचा मोठा कडीप्रकल्प सुरू झाला, आणि त्यांच्या धातूच्या कड्यांवर संस्थेला कळवा अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे व क्रमांक असतो. झेंड्यांचे रंग देश आणि जागा यांप्रमाणे ठरलेले असतात, त्यामुळे अक्षरे वाचता आली नाहीत तरी नुसत्या रंगांवरून पुष्कळ कळते. फोटो कापून, उजळवून पाठवू नका, मूळ फाइल ठेवा. सोबत लिहा: झेंडी डाव्या पायात की उजव्या, पक्ष्याचा डावा म्हणजे त्याचा डावा, तुमच्या बाजूचा नव्हे. पायाच्या मधल्या सांध्याच्या वर की खाली. दोन असतील तर वरची कोणत्या रंगाची, खालची कोणत्या. अक्षरे दिसत असतील तर जशी दिसतात तशी, अंदाज न बांधता. मग तारीख, वेळ, जवळचे गाव, शक्य झाल्यास मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, आणि पक्षी एकटा होता की थव्यात. हे सगळे संस्थेला ईमेलने पाठवा. उत्तराला वेळ लागू शकतो, कारण कडी दुसऱ्या देशात घातलेली असेल तर तिथून माहिती मागवावी लागते. पाठवणाऱ्याच्या जागी मुलीचे नाव घाला.